पाणी येणार हे धरून बाजार कसा बांधावा : चिपळूणचा विचार

मित्रहो, चिपळूणची बाजारपेठ पुन्हा भक्कम कशी उभी राहील, हा प्रश्न 22 जुलै 2021 च्या महापुरानंतर वारंवार विचारला गेला आणि त्याचे उत्तर बहुधा नदीतच शोधले गेले. गाळ काढावा म्हणून नागरिकांनी आंदोलन केले, त्यानंतर वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ उपसण्यात आला, आणि ते काम व्हायलाच हवे होते. मात्र तेवढ्याने बाजार सुरक्षित झाला, असे मला वाटत नाही. सह्याद्रीच्या उतारावर कोसळून काही तासांत खाली येणारा पाऊस, वीजनिर्मितीनंतर कोळकेवाडी धरणामार्गे वाशिष्ठीत येणारे कोयनेचे पाणी आणि शहरालगतच्या गोवळकोटकडे चढणारी दाभोळ खाडीची भरती, या तिन्हींची गाठ या शहरापाशी पडते. 2021 चा पूर तर पौर्णिमेच्या उधाणाच्या तोंडावरच आला होता. त्याआधीचा महापूर 26 जुलै 2005 चा, म्हणजे मध्ये केवळ 16 वर्षे. तेव्हा पाणी पुन्हा येणार हे धरूनच बाजाराची आखणी केली पाहिजे.

त्या पहाटे पाणी चढू लागले तेव्हा दुकानांची शटर बंद होती आणि मालक आपापल्या घरी होते. साखर विरघळून गेली, तांदळाची पोती फुगून फाटली, कापडाचे तागे चिखलाने असे माखले की धुऊनही विकण्याजोगे राहिले नाहीत. यातला बराचसा माल माणसांच्या हातांनी वर चढवता आला असता. हात नव्हते, कारण दुकानाच्या माडीवर कुणी राहत नव्हते. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड, ही आपल्या जुन्या पेठांची रीत होती. माडी ओस पडली किंवा नुसते गोदाम झाली, तेव्हा बाजाराचा रात्रीचा राखणदारच गेला. माझ्या मते पेठेच्या पुनरुज्जीवनाची सुरुवात इथून व्हावी : बाजारात माणसे पुन्हा राहायला आली पाहिजेत.

यात पूररेषांची अडचण आहे, ती टाळून चालणार नाही. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी निळी रेषा दाखवते, तर 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. या रेषांच्या आत बांधकामावर निर्बंध असणे रास्तच आहे. पण शेकडो वर्षे वसलेल्या पेठेत दुरुस्ती आणि पुनर्बांधणीच अडून राहिली, तर जीर्ण इमारती जीर्णच राहतात आणि पुढच्या पुरात त्याच धोकादायक ठरतात. तळमजल्यावर धुऊन काढता येईल अशी फरशी, भिंतीवर उंचावर बसवलेली विजेची जोडणी आणि माल चढवायला रुंद जिना, एवढ्या अटी पाळणाऱ्याला वरच्या मजल्याची परवानगी सुलभ व्हावी.

बाजार केवळ खरेदीवर जगत नाही, हेही इथे सांगितले पाहिजे. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर ही 1864 पासूनची संस्था याच शहरात आहे. तिच्या यजमानपदाखाली 2013 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे भरले. 2021 च्या पुरात तिथली पुस्तकेही भिजली. संध्याकाळी वाचनालयात येणारा माणूस परतताना भाजी घेतो, चहा पितो, ओळखीच्या दुकानात दोन शब्द बोलतो. अशा संस्था पेठेबाहेर गेल्या तर दुकानांसमोरची वर्दळही त्यांच्यामागे जाते. त्यांना पेठेतच, पण उंचावर जागा मिळावी.

गणेश चतुर्थी त्या वर्षी पुरानंतर 50 दिवसांनी आली. कोकणातल्या व्यापाऱ्याचा मोठा हंगाम तोच, आणि मदतीची रक्कम व नवे कर्ज त्याआधी हाती पडले तरच त्यांचा उपयोग. म्हणून दुकानातील मालाची नोंद आणि विम्याची कागदपत्रे मे महिन्यातच तयार ठेवण्याची जबाबदारी व्यापारी संघटनांनी घ्यावी. नगरपरिषदेने पावसाळाभर धरणातील विसर्ग, नदीची पातळी आणि भरतीची वेळ पेठेच्या प्रत्येक नाक्यावर लावावी, आणि रात्री इशाऱ्याची पातळी गाठली की भोंगा वाजवावा.