रस्त्यावरचा पोलीस आणि उंच केलेली जीप

मंडळी, या सभागृहात बसलेल्या बऱ्याच जणांकडे थार, जिम्नी, गुरखा नाहीतर जुनी जिप्सी आहे, हे खाली पार्किंगमध्ये पाऊल टाकताच कळलं. वाहतूक शाखेतली काही मंडळीही आवर्जून आली आहेत, त्यांचं मनापासून स्वागत. मी मोटार वाहन निरीक्षक म्हणून नोकरी केली. दोन्हीकडची गाऱ्हाणी ऐकत आलो. गाडीवाले म्हणतात, हौसेची गाडी आहे, आमच्या पैशाची आहे, नाक्यावर अडवता कशाला? पोलीस म्हणतात, कायदा स्पष्ट आहे, बदल म्हणजे बदल. मला मात्र तिसऱ्याच माणसाची बाजू मांडायची आहे. तो रस्त्याच्या कडेनं चालत असतो, समोरून दुचाकीवर येत असतो. तुमच्या लिफ्ट किटशी, म्हणजे गाडी उंच करायच्या संचाशी, त्याचा काही संबंध नाही, पण परिणाम त्याला भोगावा लागतो. त्याच्या जागेवरून पाहिलं की कायदा योग्य वाटतो, आणि कारवाई मात्र चुकीच्या टोकाला चाललेली दिसते. नाक्यावर जो बदल डोळ्यांना दिसतो त्याची पावती फाटते. जो बदल जीव घेऊ शकतो तो गाडीखाली असतो, तिथं कुणी वाकून पाहत नाही. आणि तो बदल जिथं झाला त्या गॅरेजच्या दारापर्यंत तर कुणी जातच नाही.

आधी कायदा थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. गाडी बनवताना कंपनीनं जो तपशील ठरवला आणि जो आरसीत नोंदला गेला, त्याच्याशी विसंगत होईल असा फेरबदल मालकानं करायचा नाही. हे कलम पहिल्यापासून इतकं कडक नव्हतं. मूळ कायद्यात वाट ठेवलेली होती: नोंदणी अधिकाऱ्याला आधी कळवा, त्याची मंजुरी घ्या, मग बदल करा. २००० सालच्या दुरुस्तीनं ती वाट बंद झाली. तरीही काही राज्यांच्या नियमांचा आधार घेऊन लोक बदल करत राहिले. केरळ उच्च न्यायालयानं तिथल्या राज्य नियमांच्या आधारे तशी मोकळीक दिलीही होती. सर्वोच्च न्यायालयानं ९ जानेवारी २०१९ ला ती काढून घेतली. न्यायमूर्ती अरुण मिश्रा आणि विनीत सरन यांच्या पीठानं सांगितलं की कंपनीच्या मूळ तपशिलाला सोडून बदल करता येणार नाही, आणि राज्याचे नियम केंद्राच्या कायद्यावर मात करू शकत नाहीत.

त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं दंडाचे आकडे वाढले. कलम १८२ अ, पोटकलम ४ नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. 'दर बदलामागे' हे नीट लक्षात घ्या. टायर, लिफ्ट, गार्ड, सायलेन्सर असे चार बदल असतील तर हिशेब २०,०००वर जातो.

पण कायद्यानं फेरबदलाची व्याख्याही दिली आहे. गाडीच्या रचनेत असा बदल, ज्यानं तिचं मूलभूत वैशिष्ट्य बदलतं. सीट कव्हर, मॅट, म्युझिक सिस्टीम हे त्यात बसत नाही. इथं नाक्यावरच्या हवालदाराचाही गोंधळ होतो आणि गाडीवाल्याचाही. हवालदार स्टिकरवर अडतो. गाडीवाला चार इंच उंच केलेल्या जीपला 'थोडंसं ॲक्सेसरीचं काम' म्हणतो.

आता गाडीच्या तोंडावर लावतात त्या लोखंडी गार्डकडे येऊ, कारण सगळ्यांत जास्त तोच दिसतो. ७ डिसेंबर २०१७ ला केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं सगळ्या राज्यांना पत्र पाठवलं, की गाडीला बसवलेले क्रॅश गार्ड आणि बुल बार बेकायदा आहेत, कारवाई करा. कारण यंत्रशास्त्राचं आहे. आजच्या गाडीचा पुढचा भाग चुरगळण्यासाठीच बनवलेला असतो. धडकेचा जोर तो स्वतःत जिरवतो आणि आतल्या माणसापर्यंत कमी पोचू देतो. एअरबॅग कधी उघडायची हे ठरवणारे सेन्सर त्याच चुरगळण्याच्या हिशेबानं जुळवलेले असतात. तुम्ही चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, थेट बोल्ट मारून जाड पाइप लावलात, की जोर बंपरला टाळून सरळ चासीत जातो आणि तो सगळा हिशेब बिघडतो. ही झाली आतल्या माणसाची गोष्ट. बाहेरच्यासाठी तो पाइप साधारण मोठ्या माणसाच्या मांडीच्या आणि लहान मुलाच्या छातीच्या उंचीवर येतो. प्लास्टिकचा बंपर लागणं आणि तो पाइप लागणं यात हाड मोडण्याचा आणि जीव जाण्याचा फरक पडू शकतो. गार्ड पुढाऱ्याच्या गाडीला असो की पोरासोरांच्या, माझ्या लेखी त्याला माफी नाही. नाक्यावर पहिली कारवाई त्याच्यावरच व्हावी, आणि ती गाडीवरची पाटी न बघता व्हावी.

लिफ्टचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे, म्हणून त्यावर थोडा वेळ घेतो. जीप उंच केली की दगडावरून, चिखलातून पोट न घासता जाते, हे खरं. पण उंची वाढवायचे प्रकार दोन. एकात स्प्रिंग, शॉकॲब्सॉर्बर, ब्रेकच्या नळ्या, आर्म सगळं जुळवून बदललेलं असतं. दुसऱ्यात गॅरेजवाला स्प्रिंगच्या पाट्यांखाली लोखंडी ठोकळा घालतो, स्प्रिंगवर उंची वाढवणारी चकती, म्हणजे स्पेसर, ठेवतो आणि तासाभरात गाडी ताब्यात देतो. रस्त्यावर उभ्या असताना दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात. फरक बघायला गाडी जॅकवर घ्यावी लागते. जॅकवर घेतली की पुढचं चाक खाली लोंबतं, आणि तिथं ब्रेकची रबरी नळी दिसते. कंपनीच्या मापाची नळी ठोकळ्याच्या जीपमध्ये तारेसारखी ताणलेली असते. बोटानं दाबली तर दबत नाही. खड्ड्यात चाक जोरात खाली गेलं की ती नळी टोकाच्या जोडापाशी तुटू शकते. मग पेडल थेट तळाला. मी अशा गाड्यांखाली आडवा होऊन पाहिलं आहे. इंजिनाचा जोर चाकांकडे नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढल्यानं झिजलेला त्याचा सांधा, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, आणि पूर्ण स्टेअरिंग कापल्यावर टायर चाकावरच्या आतल्या लायनरला घासल्याच्या काळ्या खुणा, ही या कामाची ठरलेली ओळख. मालकाला यातलं काहीच माहीत नसतं. त्यानं पैसे मोजले, गाडी ऐटीत दिसतेय, तो खूश असतो.

त्यात हेडलाइटचा झोत वर जातो, आणि तो पुन्हा खाली करून घेणारे फार थोडे. टपावर एलईडी बार लावला असेल तर घाटात समोरच्या दुचाकीवाल्याला दोन क्षण काहीच दिसत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये नियम १११ आहे: पुढच्या बाजूला स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावायचा नाही. अपवादात्मक कारण असेल तर नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी आधी घ्यायची. ताम्हिणी किंवा माळशेजला पावसाळ्यात धुकं असतं म्हणून बार लावला, असं लोक सांगतात. धुक्यात तो उंचावरचा पांढरा झोत तुमच्याच डोळ्यांवर परत येतो. धुक्यासाठी खाली बसवलेला फॉग लॅम्प असतो.

आणि टायर. २०२० च्या थारला एका मॉडेलमध्ये २५५/६५ आर १८ मापाचा टायर येतो. त्याचा व्यास धरा ७८९ मिलिमीटर. हौशी लोक ३५ इंची टायर चढवतात, म्हणजे ८८९ मिलिमीटर. व्यास साधारण पावणेतेरा टक्के वाढला. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी तेवढी जास्त पुढे जाते, पण मीटरला ते कळत नाही. कंपनीच्या टायरवर मीटर ज्या वेगाला ८० दाखवायचा, त्याच आकड्याला आता गाडी सुमारे पावणेतेरा टक्के जास्त वेगानं चाललेली असते. तिचे ब्रेक मात्र मूळ टायरच्या हिशेबाचेच राहतात. टायर जड, ब्रेक तेच, गाडीचा गुरुत्वमध्य वर. वळणावर अचानक स्टेअरिंग फिरवायची वेळ आली तर अशी गाडी लवकर कलंडते.

हे सगळं नाक्यावर कसं तपासायचं? पोलीस मित्रांनो, तुमच्यावर कामाचा किती बोजा असतो ते मला ठाऊक आहे. पण टायर तपासायला दोन मिनिटंही लागत नाहीत. ड्रायव्हरच्या दारालगतच्या खांबावर कंपनीचं स्टिकर असतं, त्यावर टायरचं माप आणि हवेचा दाब छापलेला असतो. टायरच्या भिंतीवर त्याचं माप उठवलेलं असतं. दोन्ही जुळतात का बघा, दोन्हीचा फोटो चलानला जोडा. कंपनी त्याच गाडीला एकाहून जास्त मापं देते, तेवढं ध्यानात ठेवा. लिफ्टचा संशय आला तर नुसती पावती फाडून गाडी सोडू नका. ती आरटीओकडे तपासणीला पाठवा. कलम ५३ नं नोंदणी अधिकाऱ्याला अधिकार दिला आहे, की लोकांना धोका होईल अशा स्थितीतल्या गाडीची नोंदणी, मालकाला म्हणणं मांडायची संधी देऊन आणि कारणं लिहून, दोष दूर होईपर्यंत निलंबित करता येते. मालकाला त्याविरुद्ध अपील करता येतं. ५,००० भरून तीच ताणलेली नळी घेऊन पुढच्या घाटात जाण्यापेक्षा हा रस्ता खूप बरा. दंड भरला म्हणून नळी सैल होत नाही.

आता मला सगळ्यांत जास्त लागणारी गोष्ट. कारवाई फक्त मालकावर का? कलम १८२ अ च्या पहिल्या पोटकलमात कारखानदार, आयातदार आणि डीलर यांच्यासाठी नियमबाह्य गाडी विकण्याला किंवा तसा फेरबदल करण्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दर गाडीमागे एक लाख रुपये दंड सांगितला आहे. डीलर म्हणजे फक्त शोरूम, असं आपण धरून चालतो. कायद्याच्या कलम २ मधली व्याख्या काढून वाचा. बॉडी बांधणारा आणि गाड्या दुरुस्त करणारा, हे दोघंही त्यात येतात. म्हणजे ठोकळा घालणारं गॅरेज कायद्याच्या कक्षेत पहिल्यापासून आहे. ही दुकानं लपूनछपून चालत नाहीत. मोठे फलक असतात, रील असतात, दरपत्रक असतं. एका गाडीमालकाला नाक्यावर पकडलं तर एक गाडी सुधारते. ठोकळे घालणारं एक गॅरेज बंद केलं तर पुढच्या कितीतरी गाड्या वाचतात. तिथं आरटीओचं वायुवेग पथक आणि स्थानिक पोलीस ठाणं मिळून गेलं पाहिजे.

असंच डिस्पोजलच्या जीपचं. लष्करानं लिलावात काढलेल्या विलिज, जबलपूरला बनलेल्या जोंगा, यांच्यावर जीव टाकणारी माणसं मला मनापासून आवडतात. हरियाणातल्या मंडी डबवालीत तर जीप बांधून द्यायचा व्यवसायच उभा राहिला. पण तिथं एका गाडीची चासी, दुसरीचं इंजिन, तिसरीचे कागद असा संसार जमवलेला सापडतो. मग टायर, लिफ्ट हे मुद्दे मागे पडतात आणि गाडी मुळात कुणाची हाच प्रश्न उभा राहतो. अशा गाडीत चासी नंबरवर कागद धरून पेन्सिल घासायची, उठलेला ठसा आरसीशी अक्षर अक्षर ताडायचा. नंबरच्या आजूबाजूला ग्राइंडर फिरल्याची चमक दिसली तर पुढचा तपास पोलिसांचा.

गाडीवाल्यांच्या एका तक्रारीत मात्र तथ्य आहे आणि ती मी इथं जाहीरपणे मांडतो. प्रामाणिकपणे, चांगल्या प्रतीचं काम करून घेऊन ते तपासून घ्यायची ज्याची तयारी आहे, त्याला आज दार नाही. ऑस्ट्रेलियात हे दार आहे. तिथं बऱ्याच राज्यांत ठरावीक फोर-बाय-फोर गाड्यांना सस्पेन्शन आणि टायर मिळून ७५ मिलिमीटरपर्यंतची वाढ प्रमाणपत्राशिवाय चालते. त्यापुढे मान्यताप्राप्त अभियंत्याचं प्रमाणपत्र लागतं. पोलीस तिथंही कडक आहेत. दोष सापडला तर नोटीस चिकटवतात, आणि गाडी दुरुस्त करून दाखवल्याशिवाय सुटका नाही. पण किती चालेल आणि किती नाही, याचं माप मालकाला, गॅरेजवाल्याला आणि पोलिसाला सारखंच माहीत असतं.

आपल्याला हे अशक्य नाही. २०१९ च्या दुरुस्तीत अपंग व्यक्तीच्या सोयीसाठी गाडी बदलून घ्यायला आणि नंतर मंजुरी घ्यायला मुभा मिळाली. सीएनजी किट, बॅटरीवर रूपांतर यांनाही मान्यताप्राप्त किटची वाट आहे. तपासणाऱ्या संस्था तर आपल्या दारात आहेत. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय, भोसरीला सीआयआरटी, अहिल्यानगरजवळ व्हीआरडीई. थार नाशिकला बनते. सस्पेन्शनचा एखादा संच इथं तपासून घ्यावा, ब्रेकची लांब नळी आणि हेडलाइटची जुळणी यांसह त्याला मान्यता मिळावी, कोणत्या गाडीला किती उंची चालेल ते ठरावं आणि बसवल्यावर आरसीत नोंद व्हावी. तुमच्यासारख्या ऑफ-रोड क्लबांनी ही मागणी लेखी करायला हवी. ती होईपर्यंत आजचा कायदा आहे तसा पाळायचा. वाट हवी म्हणून कुंपण मोडू नका.

आणि गाडी कंपनीची जशीच्या तशी असली तरी ती कुठंही नेता येत नाही, हेही बोलतो. डिसेंबर २०२३ मध्ये लाहौलमध्ये चंद्रा नदीच्या पात्रातून थार घालणाऱ्याला तिथल्या पोलिसांनी दंड केला. गोव्यात, कोकणात किनाऱ्यावर भाड्याच्या जीप फिरवणाऱ्या पर्यटकांवर गुन्हे दाखल होतात. त्या वाळूत लोक बसलेले असतात, मुलं खेळत असतात. तुम्हाला चिखल हवा तर मालकाच्या परवानगीनं खाजगी जमिनीवर जा. स्पर्धेसाठी बांधलेली गाडी ट्रेलरवर न्या, रस्त्यावर चालवत नेऊ नका.

मघाशी एक चिठ्ठी आली आहे. लिहिणाऱ्यानं नाव दिलेलं नाही, ठीक आहे. 'उंच केलेली जुनी जीप नुकतीच विकत घेतली, बदल मी केलेले नाहीत, आता काय करू?' बदल तुम्ही केला नाही हा मुद्दा न्यायालयात मांडता येईल, पण नाक्यावर थांबणार ती तुमचीच गाडी, आणि घाटात ब्रेक जाणार तेही तुमचेच. उद्या सकाळी गार्ड काढा. तोपर्यंत जीप रात्री चालवू नका. ओळखीच्या मेकॅनिककडे गाडी जॅकवर घेऊन चारही चाकांच्या ब्रेक नळ्या स्वतः वाकून बघा. नळी ताणलेली असेल तर तिथूनच टो करून न्या. कंपनीच्या मापाचे पाटे आणि टायर परत बसवून घ्या, हेडलाइट जुळवून घ्या. चासीचा ठसा घेऊन आरसीशी ताडून पाहा. आणि विमा कंपनीला गाडीची खरी स्थिती लेखी कळवा. अपघातानंतर त्यांच्या सर्वेक्षकानं हे बदल आपणहून शोधून काढले, तर तुमचा दावा अडकतो.