दाणा पिकला, पण घरी किती आला?

(दृश्य: साकोलीजवळची धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेलं भातशेत. सकाळचं दव.)

दिवाळी उरकली की झाडीपट्टीत दोनच धांदली. एक मंडईची, म्हणजे गावोगावच्या जत्रेची, दुसरी धान कापणीची. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, सगळीकडे तेच.

धान निसवल्यावर, म्हणजे लोंब्या बाहेर पडल्यावर, दाणा भरून पिकायला साधारण 30 दिवस लागतात. नेमकं तेव्हाच बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, की धास्ती. भारी, म्हणजे उशिरा पिकणारा धान अजून उभा; हलका, म्हणजे लवकर पिकणारा कापून त्याच्या कडपा, म्हणजे कापलेल्या धानाच्या ओळी, बांधीत पसरलेल्या. उभा धान लोळतो, पाण्याला टेकलेला दाणा काळवंडतो. कडपा सलग ओल्या राहिल्या, तर दाण्याला कोंब फुटतो. हे नुकसान दिसतं तरी. तलाठी येतात, पंचनामा होतो.

उघड्या उन्हातही धान जातो. त्याचा पंचनामा होत नाही.

(दृश्य: दुपार. कापणी सुरू, जमिनीवर पडलेले दाणे.)

दाण्याची देठाशी असलेली पकड पिकता पिकता सैल होते. त्यात कोरडं ऊन आणि वारा. विळा लागला, पेंढी उचलली, की दाणे बांधीतच. गळण्याचं प्रमाण वाणावर असतं, पण उशीर कुठल्याच वाणाला मानवत नाही.

दुसरं नुकसान तर गिरणीत जाईपर्यंत कळतही नाही. वाळलेला दाणा रात्री दव पितो, दुपारी पुन्हा सुकतो. या ओढाताणीत तुसाच्या आत तांदळाला बारीक तडे जातात. भरडल्यावर अख्खा तांदूळ कमी, कणीच जास्त. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी निवडून काढलेल्या एचएमटीसारख्या बारीक धानाला हे फार महागात पडतं. तिथे भाव अख्ख्या दाण्यालाच.

लोंबीतले 80 ते 85 टक्के दाणे पिवळे झाले, की कापावं. तेव्हा दाण्यात 20 ते 25 टक्के ओलावा असतो. आणि आधारभूत खरेदी केंद्रावर मर्यादा 17 टक्के! ज्याच्याकडे ना खळं, ना ताडपत्री, तो धान उभ्यानेच वाळू देतो. त्याला आळशी म्हणणं सोपं आहे.

मजूर मिळाले तर सकाळी, लोंबी दमट असताना कापणी करतात. गळ कमी होते. हार्वेस्टर मात्र दव उतरल्यावरच चालतो, तोही आधी रस्त्याकडच्या बांध्यांत. आतल्या बांधीचा नंबर लागेपर्यंत तिथला धान वाळतच राहतो.