पट्टीच्या मागचा पत्ता

(दृश्य: फोंड्यातलं एक स्वयंपाकघर. बिस्किटांच्या जुन्या डब्यातून एक हात गोळ्यांची पट्टी काढतो. कॅमेरा पट्टीच्या चंदेरी बाजूवर सरकतो.)

औषधांचा डबा नाही असं घर विरळाच. त्यातली एखादी पट्टी उलटी करून पाहा. औषधाचं नाव, बॅच नंबर, मुदत, किंमत. आणि अगदी तळाला, चष्म्याशिवाय दिसणार नाही अशा अक्षरांत, कारखान्याचा पत्ता. वेर्णा, गोवा. कधी कुंडई, कधी पिळर्ण, कधी कोलवाळ.

माझ्या आईच्या रक्तदाबाच्या गोळीवर वेर्णा लिहिलेलं असायचं. आमच्या घरापासून वेर्णा २०-२५ किलोमीटर. बोरीचा पूल ओलांडला की पोहोचलात. ती गोळी मात्र कुठकुठल्या गोदामांची वारी करून फोंड्याच्या दुकानात यायची. आईला त्याचं मोठं अप्रूप होतं. "आपल्याच गावची गो ही," म्हणायची आणि पाण्याचा घोट घ्यायची.

(दृश्य: पहाट. पत्रादेवीचा नाका. कंपनीच्या बसचे दिवे.)

पहिली पाळी सुरू व्हायच्या आत रस्त्यावर बसगाड्यांची रांग लागते. काणकोण, केपे, डिचोली, पेडणे. पलीकडून बांदा आणि सावंतवाडीसुद्धा. खिडकीला डोकं टेकून झोपलेल्या या पोरापोरींच्या गळ्यात ओळखपत्र आणि मांडीवर डबा असतो. कुणी आयटीआय केलेलं, कुणी बीफार्म, कुणी रसायनशास्त्रात बीएस्सी.

वेर्ण्याच्या पठारावर सिप्ला आहे, ल्युपिन आहे, इंडोको आहे. कोलवाळला ग्लेनमार्क, पिळर्णला युनिकेम. ३,७०२ चौरस किलोमीटरच्या राज्यात, जिथं २०११ च्या जनगणनेत माणसं १५ लाखसुद्धा भरली नाहीत, तिथं औषधांचे एवढे कारखाने का आले?

सरळ उत्तर आहे: करसवलत. नव्वदच्या दशकात मागास भागांतल्या नव्या उद्योगांना केंद्राने प्राप्तिकरात सूट दिली, त्या यादीत गोवाही होता. मुंबईच्या औषध कंपन्यांना एका रात्रीच्या प्रवासावर जागा मिळाली. औद्योगिक वसाहती तयार होत्या, मुरगाव बंदर जवळ होतं, आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वेही सुरू झाली.

पण मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. सवलत आज ना उद्या संपणारच होती. २००३ मध्ये केंद्राने हिमाचल आणि उत्तराखंडला अबकारी आणि प्राप्तिकराची घसघशीत सूट दिली, आणि औषधवाले हिमाचलातल्या बद्दीकडे धावले. गोव्याचं आता काय होणार, असं तेव्हा इथं घरोघर बोललं जायचं. नवे कारखाने तिकडे गेले खरे. पण वेर्णा ओस पडलं नाही. का पडलं नाही, ते आतल्या एका खोलीत दिसतं.

(दृश्य: कपडे बदलण्याची खोली. पांढरा झगा, टोपी, मास्क, बुटांवरची पिशवी. दोन दारं, एक लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही.)

गोळी जिथं दाबली जाते त्या खोलीचं दार उघडा. वारा बाहेरून आत जातो. आतला बाहेर येत नाही. भुकटीचा कणही बाहेर जाऊन दुसऱ्या औषधात मिसळू नये म्हणून खोलीतला हवेचा दाब बाहेरच्या वाटेपेक्षा कमी ठेवलेला असतो. भिंतीवर त्याची छोटी तबकडी असते, आणि तिच्यावरचा आकडा ठरलेल्या वेळी वहीत उतरवावा लागतो. बाहेर जुलैचा पाऊस कोसळत असतो, घराघरांत पापडांना बुरशी धरलेली असते, आणि इथं हवा कोरडी राखणारी यंत्रं रात्रंदिवस घुमत असतात. भुकटीने ओल धरली तर गोळी नीट बसत नाही.

माझी मावसबहीण अशाच एका कारखान्यात क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला होती. तिच्याकडून मी एक नियम शिकले. वहीत चूक झाली तर खोडायचं नाही, व्हाइटनर लावायचा नाही, पान फाडायचं नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी. शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख, आणि चूक का झाली त्याचं कारण. घरी दुधाच्या हिशेबातसुद्धा ती अशीच रेघ मारते.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाचे तपासनीस येतात तेव्हा ते यंत्रं बघतात तशाच या वह्या आणि संगणकातल्या नोंदी बघतात. दोन वर्षांपूर्वीची एखादी बॅच काढायला लावतात. वजन कोणी केलं, तपासलं कोणी, तेव्हा खोलीचं तापमान किती होतं? उणीव सापडली तर ४८३ नंबरच्या फॉर्मवर लिहून देतात, आणि मग पूर्ण कारखान्याची झोप उडते. नव्या राज्यात इमारत दीड-दोन वर्षांत उभी राहते. आपली चूक आपल्या सहीने लिहून ठेवणारी माणसं तयार व्हायला एक पिढी जाते. गोव्यात ती पिढी तयार झाली होती. २०२३ मध्ये मार्कसन्स या भारतीय औषध कंपनीने टेवा या इस्रायली कंपनीचा वेर्ण्यातला कारखाना घेतला, तो चालता कारखाना म्हणून घेतला. गुंतवणूकदाराला गोव्यात काय मिळतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडत नाही.

(दृश्य: पणजी, मांडवीकाठची गोमेकॉची, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची जुनी इमारत.)

औषधाशी हा सलगीचा संबंध जुना आहे. १५६३ मध्ये गार्सिया द ओर्ता या वैद्याने इथल्या वनस्पती आणि औषधांवर लिहिलेला ग्रंथ गोव्यातच छापला गेला. पणजीच्या चर्चसमोरच्या बागेला त्याचंच नाव दिलं होतं. १८४२ मध्ये पोर्तुगीजांनी पणजीत वैद्यकीय शाळा काढली. डॉक्टर आणि औषधनिर्माते दोन्ही तिथून बाहेर पडले. आज बांबोळीला असलेलं गोवा वैद्यकीय महाविद्यालय तिचाच वारसा सांगतं. आता या जुन्या इमारतीच्या आवारात इफ्फी या चित्रपट महोत्सवाची गर्दी असते.

(दृश्य: केरी, भूतखांबचं पठार. गवत, वारा, गुरं.)

हे पठारही दाखवायलाच हवं. नव्वदच्या दशकात इथं नायलॉनचा कारखाना येणार होता. लोक उठले, १९९५ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात नीलेश नाईक हा तरुण गेला. कारखाना आला नाही. पुढे याच पठारावर औषधनिर्मितीसाठी विशेष आर्थिक क्षेत्र, म्हणजे सेझ, ठरलं. पुन्हा आंदोलन झालं, आणि ३१ डिसेंबर २००७ रोजी सरकारने सेझचं धोरणच मागे घेतलं.

याच्यावरून गोव्याला उद्योगविरोधी म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. वेर्ण्यात रोज हजारो माणसं कामाला जातात, त्यांना कोणी अडवत नाही. केरीच्या लोकांचा प्रश्न पाण्याचा होता, जमिनीचा होता, आणि आम्हाला विचारलं कोणी, हा होता. २०१४ मध्ये राज्याने गुंतवणूक प्रोत्साहन मंडळ काढलं, परवाने एका खिडकीवर मिळावेत म्हणून. त्या खिडकीत गावचा माणूसही उभा राहिला पाहिजे. आणि नोकऱ्यांचंही तसंच. २०२४ मध्ये इथल्या काही कारखान्यांसाठी राज्याबाहेर मुलाखती ठेवल्याचं कळलं तेव्हा जो गदारोळ झाला, तो मला रास्त वाटतो. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्यावर डिचोली-सांगेच्या कितीतरी घरांत ट्रक दारात उभे राहिले. त्या घरांतली मुलं आता शिकून याच बसला हात करतात.

(दृश्य: दोना पावला. समुद्रविज्ञान संस्थेचा परिसर, खाली अरबी समुद्र.)

गोव्यात बनतात त्या मुख्यतः तयार गोळ्या, कॅप्सूल, मलमं. मूळ रसायन बहुतेक बाहेरून येतं. पण शोध लावणारी माणसंही इथंच आहेत. १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोना पावलाला आहे. समुद्री स्पंज आणि प्रवाळांतल्या रसायनांचा अभ्यास तिथं झाला आहे. झुआरीनगरला २००४ पासून बिट्स पिलानी विद्यापीठाचं केंद्र आहे, धारगळला २०२२ पासून आयुर्वेदाची राष्ट्रीय संस्था. दोना पावला ते वेर्णा गाडीने अर्धा-पाऊण तास. या वाटेवरून माणसांची ये-जा वाढली तर पट्टीच्या मागे नुसता कारखान्याचा पत्ता राहणार नाही, गोळीचा जन्मही गोव्यातलाच असेल. मला ते माझ्या हयातीत बघायचं आहे.

(दृश्य: कारखान्यातली एक शांत, थंड खोली. छतापर्यंत फडताळं.)

ही नमुन्यांची खोली. बाहेर गेलेल्या प्रत्येक बॅचच्या थोड्या पट्ट्या इथं मागे ठेवतात, औषधाची मुदत संपल्यानंतरही काही महिने. कुठून तक्रार आली, तर त्याच बॅचची पट्टी काढून तपासायची.

आई गेली त्या आठवड्यात तिच्या डब्यात एक अर्धी पट्टी उरली होती. तिच्या जोडीची, न फोडलेली पट्टी तेव्हा अशाच एखाद्या फडताळात, नंबर लावून ठेवलेली होती.

(दृश्य: फडताळाचं दार बंद होतं. बाहेर दुसऱ्या पाळीची बस येऊन थांबते.)