एकही नवे छिद्र न पाडता

पडद्यावर दिसणारे हे लांब बॉनेट टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रकचे आहे. टेल्को (पुढे टाटा मोटर्स झालेली कंपनी) आणि जर्मनीची डाइमलर-बेंझ यांचा करार 1954 साली झाला आणि 1969 साली संपला, त्यामुळे पुढच्या जाळीवर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा दिसला की गाडीच्या वयाचा अंदाज येतो. नाशिकच्या आडगाव नाक्याजवळच्या या गॅरेजमध्ये ती एकाच तक्रारीसाठी आली आहे: द्वारका चौकाच्या कोंडीत थांबली की रेडिएटरमधले पाणी उकळू लागते.

मूळ पंखा वॉटर पंपाच्या पुलीवर बसलेला असतो आणि पट्ट्याने फिरतो. इंजिन संथ झाले की तोही संथ होतो, म्हणजे गाडी उभी असताना, जेव्हा समोरून वारा येत नाही, नेमके तेव्हाच त्याचे बळ कमी पडते. माल भरून कसारा घाट चढणाऱ्या ट्रकचा पंखा बदलण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. चढावर इंजिनाचे फेरे वाढलेले असतात आणि तिथे मूळ पंखाच भरवशाचा. हा ट्रक मात्र आता केवळ मिरवणुकांत आणि जुन्या वाहनांच्या मेळाव्यांत दिसतो, म्हणून त्याला विजेवर चालणारा पंखा बसवायचे ठरले.

पंख्याला हात लावण्यापूर्वी मिस्त्रींनी रेडिएटर उतरवून आतला गाळ धुऊन काढला, कारण नळ्याच तुंबलेल्या असतील तर कोणताही पंखा उपयोगाचा नाही. मग जुना पंखा निघाला. पुली त्याच बोल्टांवर धरलेली असल्यामुळे पंख्याच्या जाडीइतके आखूड बोल्ट वापरावे लागले. लांब बोल्ट तसेच आवळले असते तर ते तळाला टेकले असते आणि पुली सैल राहिली असती.

आता या चौकटीकडे पाहावे. नवा पंखा रेडिएटरच्या जाळीच्या पातळ पत्र्यांतून प्लास्टिकच्या पट्ट्या ओवून बांधण्याची सोपी पद्धत सर्रास चालते. धक्क्यांनी त्या पट्ट्या नळ्यांवर घासतात आणि एक दिवस पाणी गळू लागते. इथे पत्रा कापून पूर्ण रेडिएटर झाकणारे कवच घडवले, पंखा इंजिनाच्या बाजूने हवा ओढेल असा त्यात बसवला आणि ते कवच रबरी बुश लावून रेडिएटरच्या मूळ बोल्टांवरच टांगले. कवच नसते तर हवा पात्यांसमोरच्या वर्तुळातूनच ओढली गेली असती आणि कोपरे गरमच राहिले असते.

पाणी तापले की पंखा चालू करणाऱ्या तापमानाच्या स्विचसाठीही रेडिएटरच्या टाकीला भोक पाडले नाही. वरच्या होसपाइपमध्ये धातूची नळी घालून स्विच तिच्यात बसवला. दोन्ही बाजूंना रबर असल्यामुळे त्या नळीला अर्थिंगची वेगळी तार द्यावी लागली. नाशिकच्या उंचीवर दाब नसलेले पाणी 98 अंशांच्या आसपास उकळते, म्हणून स्विच त्याच्या बराच खाली, पण थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) पूर्ण उघडल्यानंतर चालू होईल असा निवडला.

या ट्रकच्या 12 व्होल्टच्या यंत्रणेवर पंख्याला सुमारे 25 अँपिअर प्रवाह लागतो. तेवढा प्रवाह स्विचमधून नेला तर त्याची टोके जळतील. म्हणून स्विच रिलेला, म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या उपकरणाला, फक्त इशारा देतो आणि मुख्य तार बॅटरीजवळच्या फ्यूजमधून थेट रिलेच्या 30 क्रमांकाच्या टोकावर येते, तर 87 क्रमांकावरून पंख्याकडे जाते. तारा उलट जोडल्या गेल्या तर पंखा उलटा फिरून हवा पुढे ढकलतो. ते तपासण्यासाठी मिस्त्रींनी समोरून वर्तमानपत्राचा कागद धरला, आणि तो जाळीला चिकटला.

द्वारका चौकात तापमानाचा काटा मध्यावर राहिला. वीज तयार करणाऱ्या जुन्या डायनामोला हा भार पेलणार नव्हता, म्हणून त्याच्या जागी जास्त वीज देणारा अल्टरनेटर बसवला आहे. काढलेला डायनामो, पंखा आणि लांब बोल्ट मालकांच्या ताब्यात दिले आहेत.