नऊ-दहा नंबरचा पूल

(दृश्य: ठाणे स्थानक, सकाळची गर्दी. पादचारी पुलाचा जिना. सुरुवातीला फक्त पावलांचा आवाज.)

कल्याणकडून आलेली लोकल थांबते न थांबते, तोच डब्यातली निम्मी गर्दी खाली उतरते. यातल्या अनेकांना ठाण्यात काहीच काम नाही. कुणी डोंबिवलीचं, कुणी दिव्याचं, कुणी बदलापूरचं. जायचंय ऐरोलीला, घणसोलीला, वाशीला. त्यासाठी हा जिना चढायचा, पुलावरून रेटत जायचं आणि नऊ-दहा नंबरच्या फलाटावर उतरायचं. ट्रान्स-हार्बरची, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईला जाणारी गाडी तिथून सुटते.

16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी याच ठाण्यात आली होती. आज इथे रोज लाखो पाय पडतात. ही फिल्म आहे या पायांखालच्या पैशाबद्दल: तो कुठून येतो, आणि येताना सोबत काय घेऊन येतो.

(दृश्य: फलाटाला लागलेली पांढरी-जांभळी लोकल. चाकं जवळून.)

अशा पांढऱ्या-जांभळ्या गाड्या 2007 पासून मुंबईच्या उपनगरी मार्गांवर आल्या. त्यामागे होता मुंबई नागरी परिवहन प्रकल्प, म्हणजे एमयूटीपी. 2002 मध्ये जागतिक बँकेने त्याच्या पहिल्या टप्प्याला 54 कोटी 20 लाख डॉलरचं कर्ज मंजूर केलं. जुन्या लोकलला ब्रेक लागला की तिच्या वेगातली सगळी ऊर्जा उष्णता होऊन वाया जायची. या गाड्यांमध्ये ब्रेक लागताच मोटर उलटं काम करू लागते. वीज खाणारी मोटर वीज तयार करते, आणि ती वीज ओव्हरहेड वायरमध्ये परत जाते. त्याच वायरखालून धावणारी दुसरी गाडी ती वापरते. स्लो लोकल दर दोन-तीन मिनिटांनी थांबते, म्हणजे दर दोन-तीन मिनिटांनी थोडी वीज परत मिळते. छतातून ताजी हवा डब्यात ढकलणारी यंत्रणाही यांच्यासोबतच आली. मे महिन्यात दुपारच्या गर्दीत उभं राहून प्रवास केलेल्या माणसाला तिचं मोल वेगळं सांगायला नको.

पुढे 2010 मध्ये बँकेने आणखी 43 कोटी डॉलर मंजूर केले. त्यातून आणखी नव्या गाड्या आल्या आणि विजेची पद्धत बदलली. 1925 मध्ये मुंबईत पहिली विजेची गाडी धावली ती 1,500 व्होल्ट डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर. हार्बर मार्गाने ती पद्धत सोडली 2016 मध्ये. आता 25 हजार व्होल्ट एसी, म्हणजे दिशा बदलत वाहणारी वीज. तेवढ्याच कामाला प्रवाह कमी लागतो, म्हणून वाटेत वाया जाणारी वीजही कमी.

हे पैसे कुणी दान दिलेले नाहीत. ते व्याजासह फेडायचे आहेत. एमयूटीपीचा अधिभार आपल्या तिकिटात आणि पासात लागला, तो याच प्रकल्पासाठी. आणि सगळं कर्जावरच उभं राहिलं असंही नाही. नऊ-दहा नंबरवरून सुटणारा ठाणे–वाशी मार्ग 2004 मध्ये सुरू झाला, त्यातला 67 टक्के वाटा सिडकोचा होता.

(दृश्य: रुळांच्या अगदी कडेला असलेल्या वस्त्या. धावत्या गाडीतून.)

कर्जासोबत अटी येतात, आणि मला त्या पैशाइतक्याच महत्त्वाच्या वाटतात. एमयूटीपीच्या पहिल्या टप्प्यात रुळांलगतच्या आणि रस्त्यांच्या कामांसाठी सुमारे 20 हजार कुटुंबं हलवावी लागणार होती. पुनर्वसन नीट होत नाही, अशी तक्रार दुकानदार आणि रहिवाशांनी थेट जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे केली. मंडळाने चौकशी केली, आणि 1 मार्च 2006 ला बँकेने रस्त्यांच्या आणि पुनर्वसनाच्या कामांचे पैसे रोखले. काही महिन्यांनी, सुधारणांची पावलं उचलल्यावर, ते पुन्हा सुरू झाले. जागतिक बँकेच्या वॉशिंग्टनमधल्या तिजोरीला कुर्ल्याच्या दुकानदाराने कुलूप लावलं होतं. हे घडू शकतं, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

(दृश्य: ठाणे खाडी, ओहोटी. चिखलात फ्लेमिंगो, मागे अटल सेतू.)

जायका या जपानच्या सरकारी सहकार्य संस्थेच्या कर्जातून उभा राहिलेला अटल सेतू 12 जानेवारी 2024 ला खुला झाला. 21.8 किलोमीटर लांब, त्यातले सुमारे साडेसोळा समुद्रावर. शिवडीच्या चिखलात उतरणाऱ्या पक्ष्यांना त्रास होऊ नये म्हणून तिथे कठड्यांना आवाज रोखणारे पडदे आहेत.

(दृश्य: दिघा गाव स्थानक. रुंद, मोकळा फलाट.)

त्याच दिवशी, त्याच समारंभात, दिघा गाव स्थानकाचंही उद्घाटन झालं. वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर पूल होता. स्थानक आतल्या पानांत राहिलं. पण सकाळच्या त्या जिन्यावरच्या माणसांचं भवितव्य या स्थानकाशी बांधलेलं आहे.

दिघा हा ऐरोली–कळवा उन्नत जोडमार्गाचा पहिला तुकडा. हा मार्ग एमयूटीपी 3 मधला. त्या टप्प्याचा मंजूर खर्च 10,947 कोटी रुपये, आणि त्याला बीजिंगच्या एआयआयबी, म्हणजे आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँकेचं 50 कोटी डॉलरचं कर्ज आहे. भारत या बँकेचा दुसरा सर्वांत मोठा भागधारक. पनवेल–कर्जत दुहेरी मार्ग, विरार–डहाणू चौपदरीकरण आणि रूळ ओलांडणं थांबवण्याची कामं याच टप्प्यात आहेत. उपनगरी रेल्वेवर दरवर्षी 2 हजारांहून अधिक माणसं जीव गमावतात, आणि रूळ ओलांडणं हे त्याचं मोठं कारण. रुळांमधली भिंत, कुंपण, नवा पूल: यात फोटो काढण्यासारखं काही नसतं, पण जीव वाचतात ते यानेच.

जोडमार्ग पूर्ण झाला की कल्याणहून आलेली गाडी ठाण्याला न जाता कळव्यावरूनच नवी मुंबईकडे वळेल. जिना नाही, पूल नाही. दिघ्याच्या पुढे मात्र काम अडलं. वाटेत कळव्याच्या वस्त्या आहेत. तिथल्या कुटुंबांना घरं मिळाल्याशिवाय खांब उभे राहू शकत नाहीत, आणि पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळत राहिला.

‘झोपड्यांमुळे प्रकल्प अडला’ असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. अडला तो घरं वेळेवर न दिल्यामुळे.

(दृश्य: मुंब्र्याचं वळण. दोन लोकल एकमेकींच्या बाजूने जातात.)

9 जून 2025. मुंब्र्याजवळच्या या वळणावर दारात लटकलेले प्रवासी धावत्या लोकलमधून रुळांवर पडले. काहींचा जीव गेला. त्यानंतर रेल्वेने वातानुकूलित नसलेल्या नव्या लोकलनाही आपोआप बंद होणारी दारं बसवण्याचं जाहीर केलं. ब्रेकमधून वीज परत आणणारी गाडी आपण वीस वर्षांपूर्वीच मागवली होती. दार बंद होणारी साधी गाडी मागवायला एवढी माणसं गमवावी लागली.

(दृश्य: ठाणे, संध्याकाळ. तोच जिना, उलट दिशेची गर्दी.)

सकाळचीच माणसं आता नऊ-दहा नंबरवरून वर चढताहेत. इंडिकेटरवर बदलापूर फास्ट, दोन मिनिटं. पुलाच्या मधोमध कुणीतरी धावायला लागतं, आणि पाठोपाठ सगळेच.