नाटकाच्या पेट्या पणजीला गेल्या त्याची गोष्ट

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचंय ते मुलांच्या संगीत नाटक कंपन्यांच्या जुन्या हँडबिलांबद्दल. गुलाबी नाहीतर पिवळा पातळ कागद, वर कंपनीचं नाव, खाली खुर्ची, बाक आणि जमीन असे तिकिटांचे दर. मी हे कागद गोळा करतो. घरच्यांच्या मते मी रद्दी गोळा करतो.

मुलांच्या कंपन्या म्हटलं की दामूअण्णा जोशींची बालमोहन आठवते. सौदागर गोरे नावाचा मुलगा तिथेच छोटा गंधर्व म्हणून गाजला, आणि १९३३ साली अत्र्यांचं ‘साष्टांग नमस्कार’ याच कंपनीनं रंगभूमीवर आणलं. आपल्या कोकण किनाऱ्यावर कंपनी यायची ती बोटीनं. पावसाळ्यात बोटी बंद, की नाटकंही बंद.

या कागदांवर एक अडचण असते. तारीख छापतात, वार छापतात, सन मात्र छापत नाहीत. लक्षात ठेवा, तारीख आहे, वार आहे, सन नाही. आता यावरूनच माझी वेंगुर्ल्याची गोष्ट सांगतो.

वेंगुर्ल्याजवळच्या एका घरात देवाच्या तसबिरीला पाठीमागून हँडबिल चिकटवलेलं आहे, असं कळलं. गेलो. घरात ऐंशी ओलांडलेली आजी. म्हणाली, “कागद व्हयो तर ने, पण माझो देव उघडो ठेवू नको.” मी पिशवीतून जाड पुठ्ठा काढून दाखवला, तेव्हा तसबीर हातात मिळाली.

कंपनीचं नाव कसरीनं खाल्लेलं. खाली मात्र स्वच्छ छापलेलं: शनिवार, ता. २२ एप्रिल, अक्षय्यतृतीया. मी तिथेच ओटीवर बसून हिशेब मांडला. २२ एप्रिलला शनिवार १९३३ साली आला, १९३९ साली आला, १९४४ सालीही आला. पण त्याच दिवशी अक्षय्यतृतीया, म्हणजे वैशाख शुद्ध तृतीया? १९३३ला तेव्हा चैत्र वद्य चालू होता, १९४४ला अमावास्येचा सुमार. उरलं १९३९. मी खुशीत आजीला म्हटलं, “आजी, १९३९च्या अक्षय्यतृतीयेला इथे हे नाटक झालं बघा.”

आजी सुपारी कातरत होती. म्हणाली, “नाटाक खंयचा रे झिला? नाटाक झालाच नाय!”

तर झालं होतं असं. बोट बंदरात धक्क्याला लागत नसे. ती बाहेर उभी राहायची आणि माणसं, सामान पडावातून, म्हणजे लहान होडीतून, किनाऱ्यावर यायचं. त्या दिवशी मुलं उतरली, मास्तर उतरले, आणि पेट्यांचा पडाव भरायच्या आत बोट सुटली. पडदे, मुकुट, शालू, दाढ्या, सगळं सरळ पणजीला! म्हणजे पोर्तुगीज हद्दीत. तिथल्या कस्टमवाल्यांनी त्या दाढ्या कोणत्या सदरात लिहिल्या असतील, देव जाणे.

इकडे मांडव भरलेला. तिकिटं विकलेली, पैसे परत करायची कुणाची तयारी नाही. शेवटी गावातल्या भजनी मंडळाची बाजाची पेटी आणली, तबला देवळातला. “पोरांनी नुसती पदां म्हटली,” आजी सांगत होती, “पैल्यांदा लोक बोंबलले. मगे एक बारीक पोर उभो रवलो, आणि असो गायलो, असो गायलो, की माझ्या बापाशीन आपलो फेटो तेका दिलो.” दुसरं पद, तिसरं पद, वन्स मोअर. पहाटेपर्यंत. नाटकाच्या तिकिटात गाण्याची मैफल! आणि कागदावर काय? पाच अंकी नाटक, ट्रान्सफर सीन्स (म्हणजे डोळ्यांदेखत बदलणारे देखावे), नवे पडदे.

म्हणून मी काय करतो, तर ऐकलेली हकीकत कागदाच्या मागे लिहून ठेवतो. पेन्सिलीनं. पुन्हा सांगतो, पेन्सिलीनं. शाईची खूण पलीकडे उमटते. हँडबिल हे ठरलेलं काय होतं ते सांगतं, घडलेलं नव्हे.

बाकीचं थोडक्यात. दरात ‘नवे पैसे’ दिसले तर कागद १९५७चा किंवा त्यानंतरचा, कारण त्याच वर्षी १ एप्रिलला आणे जाऊन नवे पैसे आले. चिकटपट्टी लावू नका. लॅमिनेशन तर मुळीच नको. हल्ली लोक आजोबांच्या फोटोपासून सात-बारापर्यंत सगळं प्लॅस्टिकमध्ये घालून शिजवतात, आणि लग्नाच्या पत्रिका मोबाईलवर पाठवतात, ज्या खायला कसरसुद्धा यायची नाही! असो. आपल्या दमट हवेत कागद सपाट ठेवावेत, भिंतीला टेकवू नयेत, सोबत वेखंडाची पुरचुंडी ठेवावी आणि पावसाळा सरला की सावलीत वारा द्यावा. उन्हात नको, गुलाबी रंग उडतो.

गणपतीआधी घराला रंग काढाल, तसबिरी उतरवाल, तेव्हा त्या उलट्या करून बघा. काही चिकटवलेलं दिसलं तर ओरबाडू नका, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आधी विचारा. वेळ झाली, येतो. नमस्कार.