खर्जातली गुणगुण

(दृश्य : कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर, दुपार. एकेक लेथ थांबतो.)

उद्यमनगरात काही नीट ऐकायचं असेल, तर जेवणाच्या सुट्टीतच यावं. लेथ थांबतात, वेल्डिंगचा चरचराट थांबतो आणि गल्लीच्या टोकाच्या या लहानशा दुकानात मामा म्हणतात, "हं, आता लाव तुझा डबा."

डबा म्हणजे गिटारचा, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर. १५ वॅटचा, सेकंडहँड, मधली काही वर्षं माळ्यावर पडून असलेला. मालक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. अ‍ॅम्प चालू केला की गुणगुणतो, मध्येच चुरचुरतो. घरी आईनं विचारलं म्हणे, फ्रिज बिघडलाय का बघ.

पोराच्या हातात स्क्रूड्रायव्हर तयारच होता.

"उघडतोस कशाला? आधी ऐक की."

मामांची उमेद व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करण्यात गेली. गाणं येत नाही, पण देवल क्लबच्या गाण्याच्या मैफिलींना मागच्या रांगेत बसून कान तयार झालेला. तो इथं कामाला येतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ती जशीच्या तशी आवाजात शिरली, तर खोल, जाड घुमणं ऐकू येतं. मग अर्थिंग बघायचं, वायरी कशा फिरवल्यात ते बघायचं, व्हॉल्व्हच्या फिलामेंटचा एसी पुरवठा बघायचा. पण हीच वीज एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायरमधून गेली की लहर १०० हर्ट्झची होते. नेमकं एक सप्तक वर. खर्जातला सा आणि मधला सा.

मामा डोळे मिटतात. "वरचा हाय. कंडेन्सर." ती लहर सपाट करणं त्याचंच काम.

(दृश्य : गिटारची केबल निघते. गुणगुण तशीच.)

म्हणजे गिटार निर्दोष, निदान तूर्तास. आता व्हॉल्यूम शून्यावर. गुणगुण तसूभर हलत नाही, चुरचूर मात्र गायब. एका बटणानं दोन आजार वेगळे झाले. चुरचूर व्हॉल्यूमच्या अलीकडची, गुणगुण पलीकडची.

गुणगुणीचा माग काढायला मामा पुढचे छोटे १२ एएक्स ७ व्हॉल्व्ह एकेक करून काढतात. दर वेळी स्विच बंद, व्हॉल्व्ह बाहेर, पुन्हा चालू. स्पीकरची वायर मात्र जागेवरच, कारण स्पीकरशिवाय असा अ‍ॅम्प चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. तिन्ही निघाले तरी गुणगुण शाबूत. उरले दोन ईएल ८४, स्पीकरला ताकद देणारे व्हॉल्व्ह. या जोडीतला एक थकला की तोल जातो आणि गुणगुण वाढते. म्हणून आधी दुसरी जोडी लावून पाहिली. फरक नाही. आता उघडायला हरकत नाही.

इथं मामांचा आवाज बदलतो. "प्लग काढला म्हणून हात घालायचा न्हाई." आतल्या कंडेन्सरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर दाब साठून राहू शकतो. मोठ्या वॅटचा रेझिस्टर लावून तो उतरवायचा, मग मीटरवर आकडा शून्याकडे आलेला डोळ्यांनी बघायचा. डावा हात तोवर खिशात.

पहिला कंडेन्सर फुगलेला. वर्षानुवर्षं दाब न मिळालेले इलेक्ट्रोलिटिक असेच निकामी होतात. नवा बसवला. घुमणं बसलं.

चुरचुरीसाठी मामांनी पहिल्या आणि दुसऱ्या व्हॉल्व्हची अदलाबदल केली. दोष व्हॉल्व्हचा असता तर तोही जागा बदलता. बदलला नाही. पेन्सिलीच्या मागच्या टोकानं काचेवर हलकेच टिचकी मारली, तर घंटेसारखा घणघणाटही नाही. व्हॉल्व्ह निर्दोष सुटला, संशय आला त्याच्या प्लेटच्या १०० किलोओहमच्या जुन्या कार्बन रेझिस्टरवर. मेटल फिल्मचा नवा टाकला. किंमत चहापेक्षा कमी, शोधायला दुपार.

एक उपाय मामा कुणालाच करू देत नाहीत. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडली की कधीकधी गुणगुण थांबते, आणि ऑर्केस्ट्रावाले सर्रास तसं करतात. पण मग आत एखादी वायर सुटून चासीला, म्हणजे पत्र्याच्या सांगाड्याला टेकली, तर करंट थेट गिटारच्या तारांत. "तुझी बोटं कुठं असत्यात तवा?" पोरगा उत्तर देत नाही.

(दृश्य : गिटार जोडली जाते. दोन स्वर. पाठोपाठ शांतता.)

"झालं की ओ मामा!"

तेवढ्यात शेजारचा लेथ सुरू होतो आणि स्पीकरमधून बारीक भुणभुण. पोराचा चेहरा पडतो. मामा हसतात. तारांची थरथर टिपणाऱ्या, एकाच गुंडाळीच्या सिंगल कॉइल पिकअपला मोटरचं चुंबकी क्षेत्रही तारेसारखंच ऐकू येतं, त्यात अ‍ॅम्प काय करणार?

"जरा खुर्ची फिरव."

पोरगा दाराकडे वळतो. भुणभुण ओसरते. आणखी थोडा वळला, तर पुन्हा वाढते.

"मागं ये. हां, तिथंच. वाजव."